'आयपीव्ही६ सपोर्ट' लिहिलेली फायरवॉल, तीन आठवडे वापरून

भाच्याचा मेसेज आला: "मावशी, फायरवॉल विकत घेतली. तीन मशीनचा परवाना आहे, एक तुझ्यासाठी. जरा बघ ना नीट चालते का." सोबत स्क्रीनशॉट. मोठी हिरवी ढाल, तिच्याखाली 'तुमचा संगणक सुरक्षित आहे', आणि वैशिष्ट्यांच्या यादीत सातव्या ओळीला 'आयपीव्ही६ सपोर्ट', पुढे बरोबरची खूण.

नेटवर्क सांभाळण्यात माझी चौदा वर्षं गेली. हिरव्या ढालीचं मला फार कौतुक उरलेलं नाही, पण त्या सातव्या ओळीने मात्र डोकं खाल्लं. फायरवॉल म्हणजे मशीनमध्ये नेटवरून काय आत-बाहेर जातं त्यावर पहारा ठेवणारा प्रोग्राम, आणि आयपीव्ही६ म्हणजे नेटवरच्या पत्त्यांची, आयपीव्ही४ नंतर आलेली पद्धत. पुढे नुसतं व्ही६ आणि व्ही४ म्हणते. सपोर्ट म्हणजे नक्की काय? व्ही६ चं सगळं सरसकट अडवणं हाही काही कंपन्यांच्या लेखी सपोर्टच असतो. न बघता सगळं जाऊ देणं, हाही. तिसरा अर्थ म्हणजे व्ही४ ला जे नियम लावले तेच व्ही६ लाही तितक्याच काटेकोरपणे लावणं. गिऱ्हाइकाला हा तिसराच अर्थ अभिप्रेत असतो आणि यादीतल्या बरोबरच्या खुणेवरून यातला कुठला ते कळत नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही. त्यांच्याशी माझा पत्रव्यवहार अजून चालू आहे, आणि खाली लिहिलेली तपासणी कुठल्याही फायरवॉलवर करता येण्यासारखी आहे. तुमच्याकडे दुसरी असेल तर तिच्यावर करून बघा.

मांडणी साधीच. माझ्या विंडोज ११ च्या लॅपटॉपवर ही फायरवॉल टाकली, नेटवर्क 'पब्लिक' म्हणून निवडलं आणि 'बाहेरून येणारी सर्व जोडणी अडवा' हा पर्याय चालू केला. शेजारी लिनक्सचा जुना लॅपटॉप, त्यावर एनमॅप (दुसऱ्या मशीनची कुठली दारं उघडी आहेत ते बघणारा प्रोग्राम) आणि वायरशार्क (येणारी-जाणारी पॅकेटं, म्हणजे माहितीचे तुकडे, दाखवणारा). दोन्ही एकाच वायफायवर. विंडोजवर पायथनचा साधा वेब सर्व्हर ८००० पोर्टवर (पोर्ट म्हणजे मशीनचं क्रमांक दिलेलं दार) चालू करून ठेवला, म्हणजे दार ठोठावायला काहीतरी असावं. फाइल शेअरिंगचं ४४५ पोर्ट विंडोजवर आपोआप ऐकत बसलेलं असतंच.

व्ही४ पत्त्यावर एनमॅप मारलं. दोन्ही पोर्ट 'फिल्टर्ड', म्हणजे फायरवॉलने अडवलेली. मग व्ही६ चा जागतिक पत्ता, म्हणजे राउटरने जाहीर केलेल्या प्रीफिक्समधून (पत्त्याचा पुढचा, सगळ्या नेटवर्कला सामाईक भाग) मशीनने स्वतः बनवलेला. तिथेही 'फिल्टर्ड'. छान. भाच्याला 'पास' असं लिहून पाठवणारच होते. तेवढ्यात सवयीने तिसरा पत्ता घेतला, एफई८० ने सुरू होणारा. व्ही६ मध्ये प्रत्येक नेटवर्क कार्डाला असा एक लिंक-लोकल पत्ता असतोच, राउटर असो वा नसो. तो त्या वायफायच्या बाहेर जात नाही, पण त्या वायफायवरच्या प्रत्येकाला पोचता येतो. पुन्हा एनमॅप. ८०००: ओपन. ४४५: ओपन.

मी आधी स्वतःवरच शंका घेतली. पत्ता चुकला असेल, इंटरफेसचं नाव चुकलं असेल. लिनक्सच्या ब्राउझरऐवजी कर्लने ८००० वर विनंती पाठवली, तर विंडोजच्या फोल्डरातल्या फाइलींची यादी समोर आली. फायरवॉलच्या पडद्यावर ढाल हिरवीच. लॉगमध्ये ओळसुद्धा नाही.

कारण शोधायला अर्धा तास लागला. सेटिंग्जमध्ये तीन पायऱ्या खाली 'विश्वासू क्षेत्र' नावाचा तक्ता आहे. त्यात माझ्या व्ही४ नेटवर्कची नोंद नव्हती, कारण मी 'पब्लिक' निवडलं होतं. ते बरोबर. पण एक नोंद कायमची बसवलेली होती: एफई८० चा अख्खा पट्टा, प्रीफिक्स १० (म्हणजे पत्त्याचे पहिले १० बिट ठरलेले), विश्वासू. कोणीतरी विचार केला असणार की लिंक-लोकल म्हणजे लोकल, लोकल म्हणजे घरातलं, घरातलं म्हणजे आपलं. पण एफई८० घरी असतो, ऑफिसात असतो, वसतिगृहात असतो, रेल्वे स्टेशनच्या फुकट वायफायवरही असतो. सगळीकडे तोच. त्याच्यावर एकदा विश्वास टाकला की जगातल्या प्रत्येक वायफायवर शेजारी बसलेल्यावर विश्वास टाकला. आणि शेजाऱ्याला तुमचा हा पत्ता हुडकायला फार कष्ट नाहीत. वायरशार्क लावून दोन मिनिटं नुसतं बसलं तरी विंडोजच्या एमडीएनएस पॅकेटांवर (जवळची उपकरणं नावाने शोधणारी) पाठवणाऱ्याचा पत्ता लिहिलेला दिसतो.

आता खरी चीड आणणारी गोष्ट. बाहेरची फायरवॉल बसली आणि तिने आपली नोंदणी केली की विंडोजची स्वतःची फायरवॉल बाजूला होते, दोघांनी एकाच पॅकेटवर भांडू नये म्हणून. मी ही फायरवॉल काढून टाकली, मशीन पुन्हा चालू केलं आणि फुकटच्या, मुळातच आलेल्या विंडोज फायरवॉलवर हीच चाचणी घेतली. पब्लिक नेटवर्क, पायथनला परवानगी दिलेली नाही. व्ही४ फिल्टर्ड, जागतिक व्ही६ फिल्टर्ड, एफई८० वरही फिल्टर्ड. म्हणजे पैसे मोजून जे आणलं त्याने आधीचं बंद असलेलं दार उघडलं.

त्या तक्त्यातली नोंद हाताने काढता येते. काढली. भोक बुजलं. मशीन रीस्टार्ट केलं, नोंद परत हजर.

इथे थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर 'व्ही६ कोण वापरतंय' हा प्रश्न येतोच. व्ही४ चा पत्ता ३२ बिटांचा, एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते. त्यांचा केंद्रीय साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. व्ही६ चा पत्ता १२८ बिटांचा. त्याचं मुख्य नियमपत्रक डिसेंबर १९९८ चं, २०१७ मध्ये त्याला पूर्ण मानकाचा दर्जा मिळाला. विंडोजमध्ये व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, व्ही६ मुळातच चालू असतं. तुम्ही कधी चालू केलं नसलं तरी ते चालू आहे. फोनचं नेटवर्क तर बऱ्याच ठिकाणी आतून फक्त व्ही६ वरच चालतं आणि जुन्या साइटींसाठी व्ही४ चं सोंग आणतं. त्यामुळे 'आधुनिक' वगैरे विशेषण आता लावायला नको. आपल्या मशीनवर दोन इंटरनेट शेजारी शेजारी चालतात आणि फायरवॉलला दोन्ही दिसली पाहिजेत.

विंडोजमध्ये हे 'दोन' शब्दशः खरं आहे. व्हिस्टापासून फायरवॉल बनवणाऱ्यांसाठी जी सोय दिली आहे, विंडोज फिल्टरिंग प्लॅटफॉर्म, तिच्यात व्ही४ आणि व्ही६ चे थर वेगवेगळे आहेत. बाहेर जाणाऱ्या जोडणीच्या परवानगीचा व्ही४ चा एक थर, व्ही६ चा दुसरा. आत येणाऱ्यांचेही तसेच दोन. प्रोग्रामरने व्ही४ च्या थरावर फिल्टर टाकला आणि व्ही६ च्या थरावर विसरला तर कुठलीही चूक दिसत नाही, काही कोसळत नाही, फक्त व्ही६ मोकळं जातं. लिनक्सवरही वर्षानुवर्षं फायरवॉलचे नियम लिहायला व्ही४ चं आयपीटेबल्स वेगळं आणि व्ही६ चं आयपी६टेबल्स वेगळं. पहिल्यात नियम लिहून दुसरं रिकामं ठेवलेले सर्व्हर मी स्वतः पाहिले आहेत. (एक तर मीच ठेवला होता. असो.) पुढे एनएफटेबल्समध्ये दोघांना मिळून एकच नियम लिहिण्याची सोय झाली.

या कसोटीवर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या जोडण्यांवर, ही फायरवॉल चांगली निघाली. एक ब्राउझर पूर्ण अडवला. व्ही४ वर नाही, व्ही६ वर नाही, वायरशार्कमध्ये एक पॅकेट बाहेर पडलेलं दिसलं नाही. नवीन प्रोग्राम नेटवर जायला लागला की विचारणारी खिडकी दोन्हीकडे येते आणि एकदाच येते. व्ही४ साठी एक, व्ही६ साठी एक असा छळ नाही. व्ही४ मधून व्ही६ नेणाऱ्या जुन्या बोगद्यांचाही, टेरेडो आणि सिक्स-टू-फोर, बंदोबस्त आहे. स्कॅपीने (हवी तशी पॅकेटं बनवणारं साधन) तुकडे करून, मध्ये जादा हेडर घुसवून पॅकेट पाठवून बघितली, त्यांनी काही गडबडली नाही. पण त्याचं श्रेय बहुतेक खाली बसलेल्या विंडोजचं.

मग 'स्टेल्थ मोड'.

हे बटण व्ही४ वर पिंगला, म्हणजे 'आहेस का?' या हाकेला, उत्तर देणं बंद करतं. ठीक आहे, हौस असते लोकांना अदृश्य व्हायची. व्ही६ वर मात्र ते आयसीएमपीव्ही६ चं (नेटवर्क चालवायला मशीन एकमेकांना पाठवतात ते निरोप, पिंग त्यातलाच एक; व्ही४ मध्ये आयसीएमपी) सगळंच अडवतं, आणि इथे बनवणाऱ्यांनी व्ही४ च्या डोक्याने व्ही६ चं काम केलंय हे उघडं पडतं. व्ही४ मध्ये शेजारच्या मशीनचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) विचारायचं काम एआरपी करतं, ते आयसीएमपीच्या बाहेरचं. व्ही६ मध्ये एआरपी नाहीच. 'हा पत्ता कोणाचा?' हा प्रश्न म्हणजे आयसीएमपीव्ही६ चा १३५ क्रमांकाचा संदेश, 'माझा' हे उत्तर म्हणजे १३६, आणि 'मी राउटर, हा घ्या प्रीफिक्स' ही राउटरची दवंडी म्हणजे १३४. हे अडवलं की मशीन व्ही६ च्या दृष्टीने बहिरं होतं. २००७ चं आरएफसी ४८९० (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकवार दस्तऐवज) नेमकं यासाठीच आहे, आयसीएमपीव्ही६ पैकी फायरवॉलने काय अडवावं आणि कशाला हात लावू नये हे सांगायला. ते कोणी उघडलं नसावं.

स्टेल्थ चालू करून मी वायरशार्क लावलं. पहिलं मिनिटभर सगळं सुरळीत, कारण शेजाऱ्यांचे पत्ते आधीच लक्षात ठेवलेले होते. मग राउटरकडून १३५, उत्तर नाही. पुन्हा १३५, उत्तर नाही. तिसऱ्यांदा. आमचं मशीन उलट १३५ विचारतंय, राउटर इमानदारीत १३६ पाठवतोय, आणि फायरवॉल तो दारातच टाकून देतेय. दोन माणसं एकमेकांना हाका मारतायत आणि मध्ये कोणीतरी दोघांच्या कानात बोळे घातलेत.

आणि वापरणाऱ्याला काय दिसतं? काहीच नाही! साइट उघडतात. कारण आजचे ब्राउझर व्ही६ ने जमलं नाही तर साधारण पाव सेकंद थांबून व्ही४ ने प्रयत्न करतात. या युक्तीला हॅपी आयबॉल्स म्हणतात आणि २०१७ च्या आरएफसी ८३०५ मध्ये शिफारस २५० मिलिसेकंदांची आहे. त्यामुळे प्रत्येक नवीन साइटला एक बारीकसा अडखळा बसतो, एवढंच. भाचा म्हणालाच होता, "फायरवॉल टाकल्यापासून नेट किंचित जड झालंय, पण सिक्युरिटी म्हटल्यावर तेवढं चालायचंच ना?" नाही रे बाबा. ते सिक्युरिटीचं वजन नव्हतं, तुझं अर्धं इंटरनेट मेलं होतं.

गंमत म्हणजे स्टेल्थ चालू असेल तर एफई८० वालं भोकही दिसेनासं होतं, कारण थोड्या वेळाने व्ही६ च उरत नाही. एका दोषाने दुसरा झाकला. एखाद्या परीक्षकाने सगळी बटणं चालू करून चाचणी घेतली असेल तर त्याला 'सगळं बंद, उत्तम' असंच दिसलं असेल.

नियम लिहिण्याच्या खिडकीबद्दल थोडंसं, कारण रोजचा वापर तिथेच. व्ही४ चा पत्ता लिहायला चार नीटनेटके चौकोन. व्ही६ ला एक मोकळी पट्टी, त्यात काहीही लिहा. लिनक्स लॅपटॉपचा पत्ता मी मुद्दाम मोठ्या अक्षरांत आणि सगळी पुढची शून्यं ठेवून लिहिला. व्ही६ चा एकच पत्ता अनेक तऱ्हांनी लिहिता येतो: शून्यं गाळून, सलग शून्यांच्या जागी दोन कोलन देऊन, लहान अक्षरांत, मोठ्या अक्षरांत. म्हणून २०१० च्या आरएफसी ५९५२ ने एक शुद्ध लेखन ठरवून दिलं. हिने माझा पत्ता विनातक्रार जपून ठेवला आणि नियम लागू झालाच नाही. तोच पत्ता लहान अक्षरांत, शून्यं गाळून लिहिला तर लगेच लागू. म्हणजे आत कुठेतरी आकड्यांची नाही, अक्षरांची तुलना चाललीय. फायरवॉलने पत्ता असा वाचणं म्हणजे '०५' आणि '५' हे दोन वेगळे आकडे मानणं.

लॉगचा रकानाही व्ही४ च्या मापाचा. व्ही४ चा पत्ता लांबलचक झाला तरी १५ अक्षरं. व्ही६ चा पूर्ण लिहिला तर ३९. रकान्यात पुढचा भाग दिसतो आणि मग तीन टिंबं. पण एकाच नेटवर्कवरच्या सगळ्या मशीनचा पुढचा भाग सारखाच असतो, कोण ते शेवटच्या भागात कळतं, आणि नेमका तोच टिंबांत गेलेला. रकाना ओढून रुंद करता येत नाही. मी लॉग फाइलमध्ये काढून नोटपॅडमध्ये वाचत होते.

एका मशीनला परवानगी देणारा नियम दुसऱ्या दिवशी चालेनासा झाला, पण यात दोष हिचा नाही. व्ही६ मध्ये खाजगीपणासाठी मशीन तात्पुरते पत्ते घेतं आणि बदलतं. रोज नवा हे अगदी नेहमीचं. अशा वेळी एका पत्त्याऐवजी ६४ च्या अख्ख्या प्रीफिक्सला नियम लावायचा, आणि ते हिला जमतं. फक्त मदतपुस्तिकेत त्याचा एका वाक्याने उल्लेख असता तर बरं झालं असतं. आणि इंटरनेट देणाऱ्याने प्रीफिक्स बदलला की तो नियमही गेला. त्याला इलाज असा की नियम पत्त्यावर न लिहिता प्रोग्रामवर लिहावा.

भाच्याचा पुढचा प्रश्न रास्त होता: "पण मावशी, राउटर आहे ना मध्ये?" व्ही४ मध्ये राउटर एकच बाहेरचा पत्ता सगळ्यांना वाटतो, म्हणून बाहेरून आत कोणाकडे जायचं हे त्याला सांगितल्याशिवाय कळत नाही, तो आडोसा अनायासे मिळतो. व्ही६ मध्ये प्रत्येक मशीनला स्वतःचा जागतिक पत्ता, त्यामुळे तो आडोसा नाही. राउटरमध्ये व्ही६ ची फायरवॉल असायला हवी आणि चालू असायला हवी. मी फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून लॅपटॉपच्या ८००० पोर्टवर गेले, ही फायरवॉल पूर्ण बंद ठेवून. पोचले नाही. म्हणजे माझा राउटर अडवतोय. तुमचाही अडवतोय का हे असंच बघता येतं, दोन मिनिटांचं काम आहे. पण भाचा वसतिगृहात राहतो. तिथे शेजारचे चाळीस लॅपटॉप आणि त्याचा लॅपटॉप यांच्या मध्ये राउटर नसतोच.

कंपनीला सगळं लिहून पाठवलं, वायरशार्कच्या नोंदींसकट. पहिलं उत्तर दुसऱ्याच दिवशी: 'आयपीव्ही६ ची गरज नसल्यास कृपया ते नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमधून बंद करावे.' व्ही६ बंद करू नका असं खुद्द मायक्रोसॉफ्टचं सांगणं आहे, आणि ज्याच्या यादीत 'आयपीव्ही६ सपोर्ट' लिहिलंय त्याने हे सुचवावं! हे मी जरा तिखट शब्दांत कळवलं. आठवड्याने दुसरं उत्तर आलं, या वेळी काम कळणाऱ्या कोणाचं तरी. एफई८० ची नोंद 'प्रिंटर सापडावेत म्हणून' टाकली होती, ती पब्लिक नेटवर्कवर लागू व्हायला नको हे मान्य. स्टेल्थबद्दल 'तपासत आहोत'. अक्षरांच्या तुलनेबद्दल अवाक्षर नाही.

एक गोष्ट कुठल्याच फायरवॉलवर सोडू नका, ती म्हणजे अपडेट. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या व्ही६ हाताळणीतच एक भोक सापडलं होतं, दोषांच्या जाहीर यादीतला क्रमांक सीव्हीई-२०२४-३८०६३, गांभीर्य १० पैकी ९.८. वापरणाऱ्याने काही क्लिक करायची गरज नाही, व्ही६ ची खास बनवलेली पॅकेटं पुरे. त्याचा उपाय विंडोजचं अपडेट हाच होता.

माझे गुण: बाहेर जाणाऱ्यासाठी पाचपैकी साडेचार, आत येणाऱ्यासाठी एक. घरच्या डेस्कटॉपवर, राउटरच्या मागे, स्टेल्थ बंद ठेवून, कुठला प्रोग्राम कुठे बोलतोय हे बघायला ही झकास आहे आणि माझ्या डेस्कटॉपवर मी ती ठेवलीय. घर सोडून फिरणाऱ्या लॅपटॉपवर आज तरी नको. भाच्याच्या मशीनवरून काढली, विंडोजची आपली फायरवॉल परत चालू झाल्याची खात्री केली आणि त्याच्या शेजारच्या खाटेवरच्या मित्राला एनमॅप मारायला लावलं. तिन्ही पत्त्यांवर फिल्टर्ड. त्याला हिरवी ढाल गेल्याचं जरा वाईट वाटलं. नवी आवृत्ती आली की पायथनचा सर्व्हर पुन्हा लावते, आणि या वेळी एफई८० पासून सुरुवात करते.